गोलात गोल आणि आमचं घर

तुम्ही सगळे गंगाधर सरांचे विद्यार्थी. समोच्च रेषा म्हणजे काय, आता कुणाला आठवतंय का? विसरलात ना. मला अक्षर येत नाही, नात लिहून घेते आहे. पण मला आठवतं.

सर लातूरहून इकडे हदगावच्या बाजूला, आमच्या गावच्या शाळेत भूगोल शिकवायला आले. एकदा पोरं घेऊन, गवंड्याची पाण्याची नळी धरून ते आमच्या रानात शिरले आणि सारख्या उंचीच्या जागी चुना टाकू लागले.

"सर, हरभऱ्यात रांगोळी काढून राहिलात का?" मी विचारलं.

त्यांनी मला तळ्याकाठी नेलं. तळं आटतं तशा काठावर पाण्याच्या रेघा राहतात. एक रेघ म्हणजे एकच उंची, हीच समोच्च रेषा. रेघा दाटीनं आल्या की चढ उभा. टेकडी नकाशात गोलात गोल दिसते, असंही ते म्हणाले. मला पटलं.

पुढं शिवाराचा नकाशा शाळेच्या भिंतीवर लागला. आम्हाला घर बांधायचं होतं, आणि ते जन्मात एकदाच होणार होतं. रस्त्याकडच्या आमच्या तुकड्यावर मला गोलात गोल दिसले. मी मुलाला ऐटीत सांगितलं, "इथं टेकाड हाय, इथंच पाया खण." तो खणू लागला. सर सायकलवरून जाताना थांबले.

"आजी, तिथं आत जाताना आकडे कमी होतात. तो पसरट खड्डा आहे, नजरेला कळत नाही."

"मला आकडे कुठं येतात, सर?"

मुलगा हसला. सर हसले नाहीत. "चूक माझी. मी तुम्हाला अर्धंच शिकवलं."

रविवारी ते फावडं घेऊन पाया बुजवायला आले. नकाशात त्या गोलांना त्यांनी आतून बारीक दाते काढले. दाते जिकडं, उतार तिकडं. ही खूण पुस्तकातलीच, आपल्याच आळसानं राहिली होती, हेही त्यांनी वर्गात सांगितलं.

घर वरच्या बांधाजवळ उभं राहिलं. गेल्या पावसाळ्यात खाली कमरेइतकं पाणी साचलं. आमची चूल कोरडी राहिली. सर बघायला आले.

"तुमचा खड्डा भरला की, सर."

"खड्डा तुमचाच, आजी. मी नुसता नकाशात काढला."

सरांना साठ वर्षं झाली. त्यांचे गुडघे शाबूत राहोत, श्वास पुरो. अजून पुष्कळ शिवारं चढायची आहेत. तुम्ही लातूरला त्यांचा सत्कार ठेवलाय, त्याला मी येणार नाही. धपाटी पाठवा, मऊ करा, तिखट बेतानं. आणि डबा खाली रस्त्याला ठेवून पळू नका, वर घरापर्यंत आणा.