निरोपाची पेनल्टी

आमच्या फुटबॉल क्लबाने चषक एकदाच जिंकला, तोही समोरचा संघ आलाच नाही म्हणून. तरी दर वर्धापनदिनी साहेब लोक मंचावरून क्लबाची ‘गौरवशाली परंपरा’ सांगत, आणि आम्ही हरलेले लोक समोर बसून टाळ्या वाजवत असू. परंपरा म्हणावी अशी एकच गोष्ट आमच्याकडे होती. तिच्याबद्दल मंचावर कधी कुणी बोललं नाही.

भिलाईत आमच्या पिढीतला जवळजवळ प्रत्येक जण बाहेरून आलेला. केरळ, बंगाल, आंध्र, आमचा विदर्भ. पोलादाच्या प्लान्टच्या नोकरीने सगळ्यांना इथे गोळा केलं. निवृत्त झालं की क्वार्टर सोडायचं, आणि बहुतेक जण शहरही सोडायचे. जाणाऱ्याने सेक्टरच्या मैदानावर एक शेवटची पेनल्टी मारायची आणि गोलकीपरने ती सोडायची, असा आमचा रिवाज. अडवली तर माणूस अडतो, अशी समजूत होती. एका बंगाली फॉरवर्डची चुकून अडवली गेली, आणि त्याची कलकत्त्याची बदली रद्द झाली. त्याची बायको गोलकीपरशी पुन्हा कधी बोलली नाही.

गोलकीपर वर्ध्याकडचा, प्लान्टमध्ये क्लार्क. मी फुलबॅक, त्याच्या पुढ्यात. एकेकाला गोल देत त्याने सगळ्यांना रवाना केलं आणि शेवटी आम्ही दोघंच उरलो. मी रिसालीत घर बांधलेलं, तो नेहरू नगरात भाड्याने. माझी बायको गेल्यापासून रविवारी त्याच्याबरोबर थोडा चेंडू लाथाडायचा आणि मग पावर हाउसच्या बाजारात चहा प्यायचा, एवढंच माझं आठवड्याचं बोलणं.

मग त्याच्या मुलाने त्याला पुण्याला न्यायचं ठरवलं. स्टेशनला जाताना त्याने ऑटो मैदानाशी थांबवला. मी चेंडू घेऊन आधीच उभा होतो. ऑटोत दोन सुटकेसी आणि कुंडीतला कढीलिंब.

“चाल, गोलात उभा राह्य.”

“तू कीपर. तुले मारता तरी येते का?”

“जिंदगीभर लोकायले मारतानाच तं पाहून राहिलो.” त्याने चेंडू ठेवला. “तू कावून जात नाही पोरीकडे?”

“तिथं मले कोणी ओळखत नाही.”

“अन् इथं कोण ओळखते?”

मी गोलात गेलो. जाळी केव्हाच गेली होती. एका खांबावर कोचिंग क्लासची जाहिरात चिकटवलेली. त्या समजुतीला मी जन्मभर हसलो होतो. त्या दिवशी मात्र चेंडू अडवायचाच, असं ठरवून उभा राहिलो.

त्याने मारला. चेंडू सावकाश, सरळ माझ्याकडे आला. मी तो पोटाशी घट्ट धरला.

तो कमरेवर हात ठेवून दोन पावलं पुढे आला.

“सोड ना बे,” हळूच म्हणाला. “गाडी आहे.”

“परत मार.”

“गुडघा नाही राहिला आता.”

ऑटोवाल्याने हॉर्न वाजवला. गोलची चुन्याची रेघ पुसून गेली होती, म्हणून दोन्ही खांबांकडे बघून मी अंदाज घेतला आणि चेंडू पोटाशी धरूनच मागे सरकलो, रेघेच्या पार.

“गोल,” मी म्हणालो.

त्याने मान हलवली. ऑटोत बसला, कुंडी मांडीवर घेतली. ऑटो वळून दिसेनासा झाला तरी मी गोलातच होतो. चेंडू कुणाकडे फेकावा, ते कळेना.