एक गुठळी ठेवली नाही

काय सांगू तुम्हाला, माझ्या हाताच्या सफाईनं एकदा मॅडमचं तीन महिन्यांचं काम अर्ध्या तासात साफ झालं!

मी राळेगावकडचा, कापूस पिकवणाऱ्या घरचा. नववीत शाळा सोडली आणि यवतमाळच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचसामान धुवायला लागलो. तिथल्या मॅडम पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारी प्रथिनं बारीक मण्यांवर बसवत होत्या. मला ठाऊक होतं ते एवढंच. पुढचं विचारायला लाज वाटायची.

त्या दिवशी नागपूरचे मोठे सर येणार होते. त्यांना पटलं तरच काम पुढे चालणार. मॅडम त्यांना आणायला स्टँडवर गेल्या. मी सहज काचेच्या बशांत डोकावलो, तर काय! सहाही बशांत मण्यांच्या गुठळ्या!

आता ती वर्षं कशी होती, तुम्हाला माहीत आहे. कापसाला कोणी विचारत नव्हतं. खरेदी केंद्रावर माल तपासणारा ग्रेडर कापसाच्या गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा. न फुललेल्या बोंडातली चिकट कवडी हाताला लागली की गाडी परत! आमचीही आली होती. गुठळी म्हणजे खराब माल, हे मला कोणी शिकवायला हवं?

बशी हलवली. गुठळ्या आणखी मोठ्या! मग आठवलं, भांड्याला चिकटलेल्या पेशी सुट्या करायला मॅडम एका बाटलीतलं पाणी वापरतात. घातलं सहाही बशांत. मणी कसे, सरकीसारखे मोकळे!

सर आले, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "मॅडम, हे तर सगळे सुटे आहेत."

जन्मात पहिल्यांदा मी कोणी न विचारता बोललो. "हो सर! एक गुठळी ठेवली नाई म्या!"

मॅडम मटकन स्टुलावर बसल्या. "प्रवीण! अरे, गुठळी व्हावी म्हणूनच तर सगळा खटाटोप होता! प्रथिनांनी एकमेकांचे हात धरले की मणी चिकटतात. काय घातलंस तू?"

मी बाटली दाखवली.

"ते कॅल्शियम ओढून घेतं रे! त्याच्याशिवाय हात सुटतात."

आणि मॅडम तशाच उठल्या, बशांत कॅल्शियम घातलं. हळूहळू मणी पुन्हा एकमेकांना बिलगायला लागले!

सर हसले. "सोडवूनही दाखवलं, जोडूनही दाखवलं. चालू द्या काम."

घरी आलो तो छाती फुगवूनच. "बाबा, मले कापसातली कवडी सोडवाची सवय, म्हणून जमलं हे!"

बाबांनी तंबाखू मळता मळता वर पाहिलं. "सवय? मंग ज्या गाठोड्यात कवडी निघाली अन् आपली गाडी वापस आली, ते गाठोडं कोनं साफ केलतं?"

म्याच केलतं!