मुकं जेवण

साठच्या दशकात मी दुबईच्या एका छोट्या दवाखान्यात आयाचं काम करायचे. नवऱ्यामागोमाग रत्नागिरीहून आले होते. तिथली इंग्रज सिस्टर स्वतःला चेटकीण म्हणवायची, कुणी आपलं गाव सांगावं इतक्या सहज. तिच्या देशात त्याविरुद्धचा कायदा थोड्याच वर्षांपूर्वी रद्द झाला होता म्हणे.

ऑक्टोबर संपताना तिने मला संध्याकाळी जेवायला बोलावलं.

"या दिवशी आम्ही गेलेल्या माणसांसाठी ताट मांडतो," ती म्हणाली. "जेवताना बोलायचं नाही. तुझं कुणी आहे?"

"धाकटी बहीण," मी म्हणाले.

तिने टेबलाला चार खुर्च्या लावल्या. एक ताट माझ्या बहिणीचं, एक युद्धात गेलेल्या तिच्या भावाचं. जेवणाचा क्रम उलटा होता. आधी खजुराचा केक, मग मासे, शेवटी सूप. हे आपल्यात चालतं का, या धास्तीने मी मनात कुराणातली फातिहा म्हणत राहिले. सिस्टर भावाच्या खुर्चीकडे बघत सावकाश जेवत होती. कुणी आलं नाही. मग आम्ही भांडी घासली.

घरी सगळं सांगितल्यावर नवरा भडकला. "खलास! बस्स झालं, पुन्हा तिच्याकडे जायचं नाही."

रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याने विचारलं, "आपल्या माणसाचं ताट तिने नीट वाढलं होतं?"

"हो," मी म्हणाले.

पुढच्या वर्षी तो माझ्याबरोबर आला आणि त्याने आपल्या आईसाठी ताट मांडायला सांगितलं. जेवताना तो आईच्या ताटाकडे बघत दोनदा बोलला. सिस्टरने त्याला बोलू दिलं.