नवरदेवाविना स्वागत समारंभ

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, दुपारी अडीचच्या सुमारास, माझा शाळेपासूनचा मित्र मस्कतमध्ये कामावर असताना कोसळला. वय छत्तीस. तो तिथे एका खासगी कंपनीत वेल्डर होता. मेंदूत रक्तस्राव झाला होता आणि त्याच दिवशी शस्त्रक्रिया करावी लागली. ही माहिती त्याच्या खोलीत राहणाऱ्या, बालाघाटकडच्या एका फिटरने मला फोनवर दिली. पुढे तो रोज चार वाजता फोन करू लागला.

मित्राचे गाव तुमसर तालुक्यात, सिहोऱ्यापासून सहा किलोमीटरवर आहे. घरी आई, बायको आणि दीड एकर धानाचे शेत. वडील नाहीत.

नवव्या दिवशी तो शुद्धीवर आला. उजवी बाजू हलत नव्हती, शब्द फुटत नव्हता. विम्याची मर्यादा संपायला अठरा दिवस होते. डॉक्टरांनी सांगितले की घरी न्यायचे असेल तर त्याआत न्या. न्यायचे म्हणजे स्ट्रेचरवर, विमानातल्या सहा जागा अडवून, सोबत नर्स देऊन. निम्मा खर्च कंपनीने मान्य केला. खोलीतल्या लोकांनी आपल्या पगारातून भर घातली. उरले दोन लाख साठ हजार. ते वेळेत भरले नाहीत तर रोजचे बिल त्याच्या नावावर चढेल आणि मग तिथून निघणे कठीण होईल, असे कंपनीच्या कारकुनाने कळवले.

मी तुमसरला एका दैनिकाचा तालुका वार्ताहर आहे. मला जे करता येते ते मी केले. ‘आर्थिक मदतीचे आवाहन’ ही बातमी चौथ्या पानावर, फोटो आणि माझ्या खाते क्रमांकासह लागली. तीन दिवसांत अकरा हजार सातशे रुपये जमा झाले. चौथ्या दिवशी मित्राची आई कार्यालयात आली. हातात तोच अंक होता, घडी बातमीवर घातलेली. तिने पाणी घेतले नाही, बसलीही नाही.

“बाबू, माझ्या पोराले भिकारी काहून केलंस?”

मी खर्च सांगू लागलो. तो तिला माझ्यापेक्षा नीट माहीत होता. ज्यांनी पैसे टाकले त्यांची नावे बँकेतून काढून दे, मी परत करते, असे ती म्हणाली. आणि पेपरात खुलासा छाप. नवरा जन्मभर दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत राबला, पण फुकटाचे कधी घरात आले नाही, हेही तिने ऐकवले. शेत विकू म्हणाली. उरलेल्या दिवसांत शेत विकले जात नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

तिला मोटारसायकलवर गावी सोडायला गेलो. अंगणात शेजारच्या बाया धान पाखडत होत्या. तिने त्यांना सगळे सांगितले आणि शेवटी म्हणाली की आपण गावाचे काही देणे लागत नाही, आपल्याला काही घेणेही नको. त्यांच्यातली एक बचत गटाची अध्यक्ष होती. तिने सूप खाली ठेवले.

“काहून नाही लागत वो? जेवन बाकी हाय तुझ्याकडं. लेकाचं लगन अर्ध्या घंट्यात उरकवलं, गावाले बुंदीचा दाना नाही दाखवला.”

हे खरे होते. दोन वर्षांपूर्वी तो लग्नासाठी महिनाभराच्या सुट्टीवर आला होता आणि अकराव्या दिवशी कंपनीने परत बोलावले. बुद्ध विहारात घरच्या तीस माणसांत लग्न लागले. स्वागत समारंभ पुढच्या सुट्टीत करायचे ठरले. पुढची सुट्टी मिळाली नाही.

“अन् आमचा आहेर बाकी हाय तुले द्याचा,” तीच शेजारीण म्हणाली. “माझ्या तिन्ही पोरींच्या लग्नात तू केला. तो मी कधी फेडू? मेल्यावर?”

मित्राची आई त्यांच्यात खाली बसली. मग तिने विचारले की रविवारी समाजमंदिर रिकामे आहे का.

गावात दोन वडीलधाऱ्यांनी विरोध केला. पोरगा दवाखान्यात आणि इकडे पंगत, हे मयताच्या जेवणासारखे दिसेल, असे त्यांचे म्हणणे. म्हणूनच बँड लावायचा, असे आईने उत्तर दिले. सुनेची अट एकच होती, स्टेजवर एकटी बसणार नाही.

“मी बसतो ना तुझ्यासंग,” सासू म्हणाली.

मी खुलासा लिहिला. मदतीचे आवाहन कुटुंबाच्या संमतीशिवाय प्रसिद्ध झाले होते, कुटुंब मदत स्वीकारत नाही, आणि मुलाच्या विवाहानिमित्त रविवारी दुपारी बारा वाजता स्वागत समारंभ आहे, अगत्य यावे. संपादकांनी फोन करून विचारले की हा खुलासा आहे की लग्नपत्रिका. दोन्ही, असे मी सांगितले. त्यांनी तो तसाच छापला.

नव्या धानाचा तांदूळ घरोघरून आला, वांगी वाडीतून. तुमसरचा बँड फक्त डिझेलच्या पैशावर यायला तयार झाला. शेजारणीच्या भावाने शनिवारी दुपारपासून बुंदी पाडली.

रविवारी त्रिशरण-पंचशीलाने सुरुवात झाली. स्टेजवर लाल सोफा होता. एका टोकाला सून, दुसऱ्या टोकाला सासू. लोक टेबलावर आहेर देत, स्टेजवर जात, फोटो काढून पंगतीला बसत. पहिला तासभर सुनेने मान वर केली नाही. मग सिहोऱ्याहून आलेले एक म्हातारे, मित्राच्या वडिलांचे जुने सोबती, सोफ्यासमोर थांबले. त्यांना बातमीतले काही माहीत नव्हते.

“नवरदेव कुठी हाय जी?”

आईने उत्तर दिले.

“सहा शिटा घेऊन येऊन राह्यला. एका शिटात मावत नाही तो.”

सून हसली. मग मंडप हसला. बँडवाल्यांनी कोणी न सांगता वाजवायला सुरुवात केली आणि बचत गटाच्या बाया सोफ्यापुढे नाचल्या.

टेबलावर आईची सूचना एकच होती, नावाशिवाय पैसा घ्यायचा नाही. एका शिक्षकाने पाचशेची नोट ठेवून नाव राहू द्या म्हटले. नोट त्याच्या हातात परत दिली गेली, तेव्हा त्याने नाव सांगितले. ज्यांचे विकलेल्या धानाचे पैसे अजून खात्यात यायचे होते त्यांनी धानच आणले, कोणी पाव पोते, कोणी अर्धे. गावच्या राइस मिलवाल्याने ते जागेवर तोलले आणि त्या दिवसाच्या भावाने रक्कम टेबलावर ठेवली.

चार वाजता फिटरचा फोन आला. प्रकृती स्थिर होती. मागचा बँड ऐकून त्याने विचारले, “किसकी शादी है?” मी सांगितले. “उसको बता दूँ?” मी हो म्हटले. वीस मिनिटांनी पुन्हा फोन आला. ऐकल्यावर रुग्णाने डावा हात वर केला आणि बराच वेळ खाली घेतला नाही, असे त्याने सांगितले.

शेवटची पंगत साडेपाचला उठली. आहेर तीन लाख चार हजार रुपये झाला. रक्कम दोघांनी वेगवेगळी मोजली, आकडा एकच आला. बातमीनंतर खात्यावर आलेले पैसे त्याच आठवड्यात ज्यांचे त्यांना परत गेले. त्या लोकांपैकी सहा जण रविवारी जेवायला आले होते.

सोमवारी रक्कम भरली. गुरुवारी विमान मुंबईला उतरले, तिथून रुग्णवाहिका निघाली. शुक्रवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी ती नागपूरच्या हॉस्पिटलच्या दारात थांबली. आई, बायको आणि शेजारीण सकाळपासून तिथे होत्या. स्ट्रेचर खाली येताच त्याने आईला हाक मारली. शब्द अर्धाच होता. शस्त्रक्रियेनंतर त्याच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द, असे सोबतच्या नर्सने सांगितले.

तो चाळीस दिवस नागपूरला होता. उन्हाळ्यात काठी घेऊन चालू लागला. यंदाच्या रोवणीत, म्हणजे भातलावणीत, तो बांधावर बसून धानाच्या रोपांच्या पेंढ्या बांधत होता. पहिल्या दिवशी त्याने एकोणीस पेंढ्या बांधल्या, गाठ उजव्या हाताने मारली.