शर्टाची बटणं

माझ्या नवऱ्याचं, एलिहिओचं, उजवं कोपर विसाव्या वर्षीच कामातून गेलं. पोरवयापासून बाराही महिने बेसबॉल फेकत राहिला, एक दिवस विश्रांती नाही. तेव्हापासून त्याच्या शर्टाची बटणं मी लावते.

आणि हा शहाणा आमच्या सान पेद्रो गावच्या मैदानावर पोरांना तेच शिकवतो! कुणी हात दुखतोय म्हणालं की याचं उत्तर ठरलेलं: "दुखतोय म्हणजे वाढतोय. सतरा वर्षांचा झालास की अमेरिकेवाले ढुंकूनही बघणार नाहीत."

आज ते अमेरिकेवाले त्यांच्या संघांसाठी पोरं निवडायला येणार होते. विल्किन, आमचा सगळ्यात वेगवान पोरगा, सकाळी आमच्याकडे खायला बसला. उजवा हात मांडीवर, काटा डाव्या हातात. कुस्करलेली केळी निम्मी टेबलावर सांडत होती. मी एलिहिओकडे पाहिलं. त्यानंही ते पाहिलं होतं.

"अरे, हात गेलाय पोराचा!"

"आजचा दिवस गप्प बस."

"काही नाही झालं, बाई," विल्किन हसला. मग उठला, खेळाचा नवा शर्ट अंगात चढवला आणि माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

मी त्याचीही बटणं लावली.