माझा भूकंप त्याने गायला

मधली सुट्टी संपवून मी वर्गात शिरले तेव्हा फळ्यावर सकाळचीच हृदयाची आकृती होती, आणि पहिल्या बाकावरची निलंग्याची मुलगी ओढणीने डोळे पुसत होती. घरून काही फोन आला का, म्हणून मी तिला विचारलं. तिने मान हलवली आणि म्हणाली, "मॅडम, आज नका ना शिकवू. नेम्या गेला." मागच्या बाकांवरही माना खाली होत्या. हा नेम्या माझा सख्खा भाऊ आहे, हे त्या वर्गातल्या एकालाही ठाऊक नव्हतं, कारण मी कधी सांगितलंच नव्हतं. माझा फोन पर्समध्ये आवाज बंद करून ठेवलेला, त्यावर पप्पांचे फोन येऊन गेलेले... माझ्या भावाच्या मृत्यूची बातमी मला त्याला कधीही न भेटलेल्या पोरांकडून कळली. आणि लिहायला लाज वाटते, पण हे वगळलं तर पुढचं सगळं खोटं ठरेल, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. हीसुद्धा बातमी त्याने माझ्याआधी त्यांनाच दिली, असं आलं.

आज पाच आठवडे झाले. नहेम्या हे त्याचं बायबलमधलं नाव, गाण्यासाठी त्याने त्याचं नेम्या केलं. तालावर भराभर बोलत गायचं, ज्याला पोरं रॅप म्हणतात, ते तो आमच्या लातूर-नांदेडच्या बोलीत करायचा. एका सिनेमात त्याने काम केलं होतं. तिसावं नुकतंच लागलं होतं. तो गेल्यावर त्याच्याविषयी पुष्कळ छापून आलं, आणि बहुतेकांनी त्याच्या भूकंपाच्या गाण्याचा उल्लेख केला. त्या गाण्याविषयी मला काही सांगायचं आहे.

भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांची होते. औसा तालुक्यातल्या आमच्या खेड्यात दगडमातीच्या जाड भिंतींचं घर होतं, वर मातीचं माळवद. मी आणि माझी धाकटी बहीण रूथ आतल्या खोलीत झोपायचो. आई-पप्पा त्या पहाटे ओसरीत होते म्हणून वाचले. आम्हा दोघींना बाहेर काढेपर्यंत दुपार झाली. मी जिवंत होते. रूथ नव्हती. ती जागच्या जागी गेली असणार, असं पप्पांना कुणीतरी सांगितलं, आणि आईने त्यावरच पुढचे दिवस काढले. मी काही बोलले नाही. सात वर्षांच्या पोरीला कुणी फारसं विचारतही नाही.

पुढच्या वर्षी पत्र्याच्या शेडमध्ये नहेम्या जन्मला. पप्पा तोवर चर्चच्या मंडळीचं पाळकपण, म्हणजे पाद्रीचं काम, करू लागले होते. बायबलात पडलेला तट पुन्हा उभारणाऱ्या माणसाचं नाव त्यांनी मुद्दाम शोधून ठेवलं. शेडमधल्या सगळ्या बाया त्याला मांडीवर घ्यायला यायच्या, ज्यांची लेकरं गेली होती त्या तर विशेष. तो हसला की त्या रडायच्या. मी दारात उभी राहून पाहायचे आणि मला वाटायचं, मीही तर त्याच घरातून निघाले आहे. माझ्याकडे पाहून कुणाला काही उभं राहिल्यासारखं का वाटत नाही?

पुढे पप्पांची बदली मुदखेडला झाली. तिथल्या नाताळच्या नाटकात मी तीन वर्षं मरिया झाले. गाणंही माझंच असायचं. कॉलेजात युवक महोत्सवाच्या नाटकासाठी माझी निवड झाली तेव्हा पप्पा म्हणाले, आधी बारावी. मी लातूरला येऊन बारावी केली, मेडिकल थोडक्यात हुकलं, बी.एस्सी. केलं आणि त्याच गावात क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवू लागले. तेव्हा लातूर बदलत होतं. डाळमिलच्या वाटेवरची गोदामं पाडून तिथे वसतिगृहं होत होती, भिंतीभिंतीवर निकालात वर आलेल्या पोरांचे फोटो लागत होते. मी मुलांना चक्रं आणि साखळ्या पाठ व्हाव्यात म्हणून ताल धरून शिकवायचे, बाकावर बोटं आपटत. माझ्या त्या पद्धतीचं नाव झालं होतं.

अकरावीला नहेम्याला माझ्याकडे पाठवलं. डॉक्टर व्हायला. दोन वर्षं तो माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहिला, माझ्याच वर्गात बसला, आणि माझाच ताल उचलून त्याने श्वसनाचं अख्खं चक्र रॅपमध्ये म्हटलं. पोरांनी ते फोनमध्ये भरून घेतलं. महिन्याभरात दुसऱ्या क्लासमधली पोरं ते म्हणत होती, आणि कुणी विचारलं की सांगत होती, नेम्याचं हाय. सराव परीक्षा बुडवून तो नांदेडला रॅपच्या स्पर्धेला गेला, तेव्हा मी लगेच पप्पांना फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं, आता याचंही नाटक बंद होईल. पप्पांनी विचारलं, "कसा गायला म्हणं?" पुढच्या रविवारी त्याला उपासनेत गायला उभं केलं. दोन भावंडांना एकच बाप वेगवेगळा मिळतो, हे मला त्या दिवशी कळलं.

तरी त्याच दोन वर्षांतली एक दुपार मी त्याला आपणहून दिली होती. उन्हाळा होता, लोडशेडिंगमुळे पंखा बंद, अभ्यास होत नव्हता. त्याने विचारलं, "अक्का, रूथ कशी होती गं?" घरात तिचा एकही फोटो नव्हता, तो बिचारा नुसतं नाव ऐकत वाढलेला. मी सांगू लागले आणि थांबताच आलं नाही. ती लगेच गेली नव्हती, हे मी त्याला सांगितलं. माझा हात तिच्यापर्यंत पोचत होता. तिने बराच वेळ पाणी मागितलं होतं... हे मी आईला सांगितलं नव्हतं, पप्पांना नव्हतं, कुणालाच नव्हतं. तो माझ्या पायाशी बसून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मी कुणाला सांगणार न्हाई." मी त्याला तसं वचन मागितलंही नव्हतं.

डॉक्टर तो झालाच नाही. मार्क कमी पडले आणि त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. नांदेडच्या कॉलेजात नावाला बी.ए. आणि दिवसभर गाणी. येशू लातूरच्या एस.टी. स्टँडवर उतरला तर त्याला कोण चहा पाजेल, हे त्याचं पहिलं गाजलेलं गाणं. चर्चमधली जुनी माणसं आधी बिचकली, मग नातवंडांबरोबर तीही म्हणू लागली. एका स्नेहसंमेलनात त्याला पाहून एका दिग्दर्शकाने सिनेमात घेतलं. काम होतं क्लासमधून पळून जाणाऱ्या पोराचं. मी तो सिनेमा लातूरच्या टॉकीजमध्ये एकटीने पाहिला. एका प्रसंगात तो फळ्यासमोर उभा राहून आपल्या मास्तरीणबाईंची नक्कल करतो. उजवा खांदा जरा वर, खडू दोन बोटांत, वाक्य संपताना मान डावीकडे. लोक खूप हसले. ती मी होते. ज्या अभिनयासाठी मला घरातून बाहेर पाऊल टाकू दिलं नाही, तो अभिनय माझ्याच खांद्यावरून पडद्यावर गेला होता.

मग ते गाणं आलं. नांदेडच्या एका सभागृहात त्याने ते पहिल्यांदा म्हटलं. आई-पप्पा पुढच्या रांगेत, मी त्यांच्या शेजारी. काय म्हणणार आहे हे त्याने सांगितलं नव्हतं. ढोलाचा एकच ठोका, आणि तो सुरू झाला:

माळवद आलं अंगावर, तोंडात माती भरली,
रूथ म्हणली पाणी दे, अन् मग न्हाई बोलली.

सगळं 'मी' म्हणून. मी दगडाखाली होतो, माझा हात पोचत होता. आई हळूहळू ताठ होत गेली. रूथ तासन्‌तास जिवंत होती, हे तिला इतक्या वर्षांनी, हजार माणसांत, माइकवरून कळत होतं. मला वाटलं ती आता माझ्याकडे वळेल आणि विचारेल, तू हे मला का सांगितलं नाहीस? मी तयार होऊन बसले होते. गाणं संपल्यावर आई उठली, स्टेजच्या पायऱ्यांपाशी गेली आणि त्याला जवळ घेऊन त्याच्या तोंडावरून, डोक्यावरून, खांद्यांवरून हात फिरवत राहिली... जणू त्यालाच आत्ता ढिगाऱ्यातून काढलं होतं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तो हात माझ्या वाट्याचा होता. इतकी वर्षं मी त्या हाताची वाट पाहत होते, हेही मला तेव्हाच कळलं.

पुढे मी जे केलं ते सांगते. गाणं गावोगाव झालं, त्यावरूनच भूकंपावरच्या एका सिनेमात त्याला मोठं काम मिळालं. एका स्थानिक चॅनेलचा पत्रकार क्लासवर आला, त्याला कुठूनतरी नातं कळलं होतं. माझं नाव आणि चेहरा दाखवणार नाही असं कबूल करून त्याने कॅमेरा लावला आणि विचारलं, दगडाखालचा तुमचा भाऊ तेव्हा केवढा होता? मी म्हणाले, "तो तेव्हा जन्मलाच नव्हता." एवढंच. त्यात खोटं काहीच नव्हतं, हीच तर त्यातली सोय होती. दोन दिवसांत लोकांनी त्याला लबाड ठरवलं. भूकंपात ज्यांची माणसं गेली त्यांनी अतिशय कडू लिहिलं आणि सिनेमावाल्यांनी वाद नको म्हणून दुसरा नट घेतला. नहेम्याने एक छोटा व्हिडिओ टाकला. त्यात तो म्हणाला, "बरोबर हाय. मी तवा नव्हतो. हे गाणं जिचं हाय, तिला मी विचारलं न्हाई. चूक माझी हाय." माझं नाव त्याने घेतलं नाही. मला फोन केला नाही, रागावलाही नाही. आणि मला त्याच्या त्या चांगुलपणाचासुद्धा राग आला. हरल्यावरही तोच मोठा दिसत होता.

शेवटची भेट त्यानंतर वर्षाने. दुपारी क्लासच्या फाटकाशी उभा, टोपी डोळ्यांवर ओढून, कुणी ओळखू नये म्हणून. समोरच्या हॉटेलात आम्ही इडली खाल्ली. तो वाळला होता. त्याने बराच वेळ इकडचं तिकडचं विचारलं आणि मग म्हणाला, "अक्का, पुढच्या महिन्यात मुदखेडला कार्यक्रम हाय. ते गाणं मी म्हणणार न्हाई. तू बोल. मी बाजूला बसून नुसता ताल धरतो." मी म्हणाले, माझी उजळणीची बॅच आहे. तो हसला. "बॅच तर सदाच असती," म्हणाला, आणि उठून माझं ताट स्वतः उचलून नेऊन ठेवलं. मी त्याला स्टँडवर सोडायलाही गेले नाही.

त्या भेटीनंतर तिसऱ्या आठवड्यात त्याला डेंग्यू झाला. पप्पांनी फोनवर सांगितलं की नांदेडला ऍडमिट केलंय, पेशी कमी झाल्यात, पण बोलतोय, हसतोय. मी म्हणाले, रविवारी येते. तो गुरुवारी गेला. दफनाला मुदखेडच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. रेल्वेत कामाला असलेली माणसं, शेजारची मुसलमान मंडळी, क्लास बुडवून आलेली पोरं. ती निलंग्याची मुलगीही आली होती. मला आई-पप्पांच्या शेजारी उभं पाहून तिचा चेहराच बदलला. जवळ येऊन ती हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही सांगितलं का न्हाई?"

मुदखेडच्या घरी स्वयंपाकघरामागे सामानाची एक छोटी खोली आहे. खिडकी नाही. नहेम्याने तिच्या भिंतींना आणि छताला आईच्या जुन्या गोधड्या ठोकून घेतल्या होत्या. दार लावून तो तिथेच गाणी भरायचा आणि तेवढा वेळ आई कुकर लावायची नाही. मी त्या खोलीत कधी गेले नव्हते. बिनखिडकीच्या खोलीत मला बसवत नाही, वर्गातसुद्धा मी दाराजवळ उभी राहून शिकवते. मागच्या रविवारी मी उंबऱ्याशी थांबले होते, तर आई मागून आली. म्हणाली, "जा. मी दार धरते." ती खाली बसली आणि तिने पाय लांब करून दाराला लावला. मी आत गेले. त्याच्या स्टुलावर बसले. दाराच्या फटीतून आईचा पाय दिसत होता.

बऱ्याच वेळाने तिने बाहेरूनच विचारलं, "पाणी मागितली तवा तू काय म्हणलीस गं तिला?"

तीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. नहेम्यानेही नाही. त्याच्या गाण्यात रूथ बोलते, मी काहीच बोलत नाही.

"म्हणलं, आई पाणी आणायली."

आई म्हणाली, "बरं केलीस."

त्या खोलीत आवाज घुमत नाही. मी बोललेलं जेवढं होतं तेवढंच राहिलं, कुठे वाढलं नाही, कुठे विरलं नाही. रोज इथे दार लावून, न भिता, त्याला आपला आवाज असा स्वच्छ ऐकू येत असणार... आणि आईचा पाय दाराशी असतानाही मला पुन्हा त्याचा हेवा वाटला.