तिसरा वाफा

सविता हातात डबा आणि डोक्यावर छत्री घेऊन बागेत उभी होती, आणि समोर तिचं अळू जसंच्या तसं डोलत होतं. काळ्या देठांचं, सुपाएवढ्या पानांचं. एकाही पानाला कुणी हात लावलेला दिसत नव्हता.

डब्यात अळूवड्या होत्या. शनिवारी तिच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू झालं, तेव्हा मुद्दाम बाजूला काढून ठेवलेल्या. त्या वड्यांची पानं याच वाफ्यातून आली होती. शिरीषने, तिच्या नवऱ्याने, स्वतः कापून आणली होती. मग ही पानं इथे कशी? चार दिवसांत अळू एवढं फुटत नाही. बॉटनी शिकलेल्या बाईला तर हे कुणी पटवूच शकलं नसतं.

तिने मान वळवून शेजारचा वाफा बघितला आणि तिच्या तोंडून "अगं आई गं!" एवढंच बाहेर पडलं.

तिथे नुसते देठ उभे होते. ओळीने, सुरीने कापलेले, टोकं काळी पडून गळायला लागलेली. पान म्हणून औषधाला शिल्लक नव्हतं. तो वाफा गोह आंटींचा होता. आणि हातातला डबाही तिने गोह आंटींसाठीच आणला होता.

बागेच्या बाकावर ती मटकन बसली. बाक ओला आहे हे तिला बसल्यावर कळलं.

सविता मूळची पुण्याची. शिरीषच्या बँकेतल्या नोकरीमुळे सिंगापूरला आली तेव्हा इरा कडेवर होती. आता इरा क्लेमेंटीला युनिव्हर्सिटीजवळ खोली घेऊन राहते आणि आईला 'चिल' व्हायला सांगते. बॉटनीची पदवी इतकी वर्षं फ्लॅटबाहेरच्या कॉरिडॉरमधल्या कुंड्यांवर खर्च झाली. म्हणून बेडोकच्या या सार्वजनिक बागेतला वाफा सोडतीत लागला, तेव्हा तिने शेजारीपाजारी पेढे वाटले होते. शिरीष हसला होता. "वाफा आहे, फ्लॅट नाही," म्हणाला होता.

वाफा म्हणजे गुडघ्याएवढ्या उंच चौकटीत भरलेली माती. चार वाफ्यांची एक ओळ, अशा कितीतरी ओळी. सविताने त्यात हौगांगला राहणाऱ्या नीताताईंनी पुण्याला परत जाताना दिलेला अळूचा कंद लावला. वडीचं खरं अळू, घशाला कधी न खाजणारं. त्याचं इतकं रान झालं की इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका तिला फोन करून आधी अळू मागायच्या, मग खुशाली विचारायच्या.

शेजारचा वाफा गोह आंटींचा. सत्तरी ओलांडलेल्या, गवती टोपी, जावयाचा जुना शर्ट, एका डोळ्यात मोतीबिंदू आणि बोलताना शेवटी सिंगापुरी 'ला'. त्यांनीही अळूच लावलं होतं, पण ते त्यांच्या लेखी 'याम'. त्यांना हवा होता तो मातीतला गड्डा. पानं पिवळी पडून गळायची आणि त्या ती खतात टाकायच्या. सविताचा जीव हळहळायचा. पण ज्याचं त्याचं खाणं, आपण काय बोलणार!

हा याम कुणासाठी आहे तेही तिला ठाऊक होतं. आंटींनी वर्षभर दुसरं काही सांगितलंच नव्हतं. त्यांची थोरली बहीण आता नर्सिंग होममध्ये होती. दोघी लहानपणी शेतावर वाढलेल्या. आई गेल्यावर थोरलीनेच धाकटीला मोठं केलेलं. चिनी नववर्षाच्या आदल्या दिवशी तिला एका दिवसापुरतं घरी आणायचं आणि घरच्या यामची गोड, मऊ खीर करून भरवायची, एवढा एकच बेत आंटींनी धरला होता. थोरलीच्या तोंडात दात नव्हते आणि मनात खोड होती: बाजारचा याम तिला याम वाटायचाच नाही.

नववर्षाला आता जेमतेम तीन-साडेतीन आठवडे उरले होते. हेच शेवटचे दिवस गड्डा भरण्याचे. आणि पानंच नसतील, तर गड्डा भरणार कशाच्या जोरावर?

सविताला सगळा प्रकार आता लख्ख दिसला.

जानेवारीचा पाऊस यंदा विचित्रच होता. दोन दिवस संततधार, मग तासभर असं ऊन की चिखलातून वाफ निघावी, की पुन्हा आभाळ काळं. अशा दिवसांत सविता रोज बागेत असायची. कुंड्यांखालच्या बशा उलट्या करायच्या, नाहीतर डास. मातीत काठी खुपसून पाण्याला वाट करायची. मिरचीला आधार बांधायचा. पण गेल्या आठवड्यात इमारतीखालच्या ओल्या फरशीवर तिचा पाय मुरगळला आणि हळदीकुंकू तर तोंडावर आलेलं.

"अहो, जाता का बागेत? अळूची पानं आणायचीत."

"मी? मला अळू आणि कमळ यातला फरक कळत नाही."

"ओळीतला तिसरा वाफा. देठ नकोत, नुसती पानं कापा. आणि कोवळं पोंग्याचं पान सोडा."

"पोंगा म्हणजे?"

"जाऊ द्या. मिळतील ती आणा!"

सविता नेहमी कारपार्कच्या बाजूने बागेत शिरायची. शिरीष पाऊस चुकवत, छप्पर असलेल्या रस्त्याने एमआरटी स्टेशनच्या बाजूने शिरला. त्यानेही तिसराच वाफा मोजला. तिथेही अळू होतंच.

पानं चिरताना तिची बोटं चुरचुरली होती. तिने पावसाला दोष दिला, हाताला तेल चोळलं आणि चिंच वाढवली. हळदीकुंकवाला मंडळातली उल्का वडी तोंडात टाकून म्हणाली होती, "सविताताई, आज चिंच अगदी सढळ हाताने हं! काही लपवताय की काय?" सगळ्या हसल्या होत्या. सविताच सगळ्यांत मोठ्याने.

"अय्यो, सविता! पाय बरा झाला?"

गोह आंटी आल्या होत्या. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात चिमटा, कोपराला अडकवलेली बादली. बादलीत गोगलगायी.

"अशी काय बसलीस? भूत बघितलं?"

"आंटी..." सविताने देठांकडे बोट केलं. "तुमचा याम..."

"बघितलास ना!" आंटींनी बादली आपटली. "या बघ, या! पाऊस लागला की यांची पार्टी. एका रात्रीत सगळं फस्त ला! मी रोज येते, रोज उचलते, पन्नास उचलल्या तर शंभर येतात. तुझ्या पानांना हात नाही लावला बघ. नशीबवान तू. पण लक्ष ठेव, आता तुझ्याकडे येतील."

सविताने त्या गोगलगायींकडे बघितलं. त्या बिचाऱ्या बादलीच्या कडेवरून वर चढत होत्या. मोतीबिंदूच्या डोळ्याला सुरीचा काप दिसला नव्हता. आता तोंड मिटून घेतलं की झालं. शिरीष गप्प बसलाच असता, त्याला तर अजून काही पत्ताच नव्हता. अळू पोटात गेलं होतं. जगात कुणाला कधी कळलं नसतं.

"डब्यात काय?" आंटी बाकावर टेकल्या. डबा त्यांच्याकडे सरकवावा की पाठीमागे लपवावा हे तिला ठरवता येईना, तोवर आंटींनी झाकण उघडलंही होतं. "ओह, हे गोल गोल! मागच्या वर्षी माझ्या नातवाने सगळे संपवले."

"आंटी, थांबा, ते..."

पण एक वडी तोंडात गेली होती. आंटींनी सावकाश चावलं. डोळे मिटले. "खमंग. आंबट. थोडं गोड. आत हे हिरवं काय, पालक?"

"पान आहे," सविता म्हणाली.

"कशाचं?"

"यामचं."

आंटींचं चावणं थांबलं. "पान खाता? यामचं पान कोण खातं! घसा खाजतो ना!"

"चिंच घालून, उकडून, तळून... आम्ही खातो. मी अळू लावते ते पानांसाठीच." आता थांबलं तर पुन्हा बोलणं होणार नाही, हे तिला पक्कं कळलं. तिने एका दमात सांगून टाकलं. "आंटी, गोगलगायी नाहीत. माझा नवरा आला होता. मी पाठवलं होतं माझी पानं कापायला. त्याने चुकून तुमचा वाफा कापला. तुम्ही खाताय ती तुमचीच पानं आहेत."

पाऊस छत्रीवर तडतडत होता. आंटींनी तोंडातला घास गिळला. डब्याकडे बघितलं, मग देठांकडे, मग बादलीकडे. त्यांचा चेहरा इतका कोरा झाला की सविताला त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"सगळी?" त्या शेवटी म्हणाल्या.

"सगळी."

"पार्टी होती?"

"हो."

"म्हणजे माझ्या बहिणीचा याम तुझ्या पार्टीत."

त्या उठल्या. बादली तिथेच राहिली, चिमटाही राहिला, छत्रीही. गवती टोपी पावसात भिजत कारपार्कपाशी दिसेनाशी झाली आणि सविता तशीच बसून राहिली. एक गोगलगाय बादलीतून बाहेर पडून चौकटीवर चढायला लागली, तरी तिने ती हटवली नाही.

घरी शिरीषने ऐकलं आणि हातातला चहा टेबलावर सांडला. "पण तू तिसरा म्हणालीस! मी तिसराच मोजला!"

"पण मोजलात कुठून? एमआरटीकडून! मी कारपार्ककडून मोजते."

"दुसऱ्याच्या शेतात घुसून पीक कापलं मी? मी?" बँकेत जन्मभर दुसऱ्यांच्या चुका पकडलेला माणूस सोफ्यावर बसला आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. इराला फोनवर कळलं तेव्हा ती आधी किंचाळली, "आई! बाबांनी आंटीचा याम चोरला?" मग जरा वेळाने म्हणाली, "तुझ्याकडे आहे ना याम? तुझ्या अळूखाली?"

 सविताच्या अळूखाली गड्डे होते, अर्थातच होते. तिने ते कधी काढले नव्हते. गड्डे काढायचे म्हणजे नीताताईंचं अळू उपटायचं. नीताताई गेल्या वर्षी वारल्या. पुण्याला त्यांच्या अंगणात ते अळू आता नव्हतं. त्यांच्या सुनेने फरशी घातली होती. जे काही उरलं होतं ते या चौकटीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुरभुर पाऊस होता. सविताने फावडं घेतलं आणि शिरीषला बरोबर घेतलं, या वेळी कारपार्कच्या बाजूने. आंटी आधीच आल्या होत्या, स्वतःच्या वाफ्याच्या कडेला बसून एका देठाभोवतीची माती बोटांनी उकरत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

"सॉरी, आंटी," शिरीष म्हणाला. "व्हेरी सॉरी."

"तू आंधळा काय?" आंटी म्हणाल्या. "माझा एक डोळा खराब आहे. तुझे दोन्ही?"

"हो," शिरीष म्हणाला. मनापासून म्हणाला.

सविताने स्वतःच्या वाफ्यात फावडं घातलं. पहिलं बेट उपटलं तेव्हा मुळं तुटल्याचा आवाज झाला. काळे देठ आडवे पडले. खाली मधला गड्डा लांबोडका, त्याला चिकटलेले छोटे छोटे गड्डे, चिखलाने माखलेले. दुसरं बेट. तिसरं.

"ए! काय करतेस?" आंटी उठून उभ्या राहिल्या.

"खीर घोटूनच करायची ना? मग लहान मोठा काय फरक. तुमचे निघतील ते आणि हे, मिळून पुरेल."

"हे ते तुझ्या मैत्रिणीचं?"

सविताने होकारार्थी मान डोलावली. गेल्या पावसाळ्यात याच बाकावर बसून तिने आंटींना नीताताईंबद्दल सांगितलं होतं. आंटींच्या लक्षात असेल असं तिला वाटलं नव्हतं.

आंटी वाफ्याजवळ आल्या. एक गड्डा उचलून अंगठ्याने चिखल पुसला, नखाने साल खरवडून वास घेतला. मग फावडं धरलेल्या सविताच्या हातावर एक चापट मारली. "बस ला. सगळं नाही काढायचं. कडेची पिल्लं ठेव, पुन्हा वाढतील. वेडी."

नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी आंटींनी वाटीत खीर आणून दिली. जांभळट, मऊ, वर भोपळ्याचा तुकडा. सविताने चमच्याने चाखली. घसा जराही खाजला नाही.

"बहिणीने खाल्ली?"

"दोन वाट्या. मग म्हणते, हा आपला याम नाही, चव वेगळी. कुणाचा?" आंटी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "मी म्हटलं, शेजारणीचा. तर म्हणते, शेजारीण चांगली दिसते. मी म्हटलं, शेजारीण चांगली, नवरा चोर."

नववर्षाला झाडांना बांधतात तशा लाल फितींचं रीळ त्यांच्या खिशात होतं. त्यांनी स्वतःच्या वाफ्याच्या चारी कोपऱ्यांना फिती बांधल्या, घट्ट, दोन-दोन गाठी मारून. मग शिरीषला हाक मारली. तो एमआरटीच्या बाजूने येत होता, हातात आंटींची बादली घेऊन.

"ए, चोर! लाल दिसतं ना?"

"दिसतं, आंटी."

"लाल, हात नाही. सांग."

"लाल, हात नाही," शिरीषने शाळेतल्या पोरासारखं म्हणून दाखवलं आणि बादली खाली ठेवून आंटींच्या वाफ्यातल्या गोगलगायी वेचायला बसला.